लॅपटॉप घेताय? प्रोसेसरचे पूर्ण नाव विचारा

मुंबईत ग्रँट रोड स्थानकातून बाहेर पडून डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गाला, म्हणजे सर्वांच्या तोंडी बसलेल्या लॅमिंग्टन रोडला लागले, की संगणकाच्या दुकानांची रांग सुरू होते. त्यातील कोणत्याही दुकानात शिरून 'ऑफिसच्या कामासाठी लॅपटॉप हवा आहे,' असे सांगितले, की पुढचा प्रश्न बहुधा ठरलेला असतो : 'आय फाइव्ह देऊ की आय सेव्हन?' एसटीच्या खिडकीवर 'साधी की निमआराम' असे विचारावे, तितक्या सहजतेने हा प्रश्न येतो. ग्राहकही याच भाषेत विचार करून आलेला असतो. आय थ्री म्हणजे साधा, आय फाइव्ह म्हणजे मध्यम आणि आय सेव्हन म्हणजे उत्तम, ही उतरंड आता घराघरांत रुजली आहे.

ही उतरंड खोटी नाही. पण ती अपुरी आहे, आणि या अपुरेपणाची किंमत ग्राहक मोजतो. कार्यालयीन कामासाठी घेतलेला लॅपटॉप पाच-सहा वर्षे वापरायचा असतो. एखाद्या कर सल्लागाराचे कार्यालय, पतसंस्था, दवाखान्याची नोंदणी खिडकी किंवा घरून काम करणारा कर्मचारी यांच्या दृष्टीने चाळीस-पन्नास हजारांची ही खरेदी लहान नव्हे. बॅटरी, कळफलक, हार्ड डिस्क यांपैकी काहीही बिघडले तर बदलता येते. प्रोसेसर मात्र आजच्या जवळपास सर्वच लॅपटॉपमध्ये मदरबोर्डावर कायमचा डकवलेला असतो. तो एकदा चुकला, की यंत्र बदलेपर्यंत चुकलेलाच राहतो.

प्रस्तुत प्रतिनिधीला हा धडा स्वतःच्या खिशातून मिळाला. २०२२ च्या अखेरीस बातम्या लिहिण्यासाठी एका दुकानातून जुना, दुरुस्त करून विकायला ठेवलेला लॅपटॉप घेतला. वर 'आय सेव्हन'चे निळे स्टिकर झळकत होते. त्याच सुमारास कार्यालयातील एका सहकाऱ्याने जवळपास तेवढ्याच पैशांत 'आय फाइव्ह'चा जुना लॅपटॉप घेतला, तेव्हा त्याची कीवच वाटली होती. पुढे दोन्ही यंत्रांचे पूर्ण नाव पाहिले तेव्हा चित्र पालटले. आमचा प्रोसेसर होता आय७-७५००यू, २०१६ सालचा, दोन कोअर असलेला. सहकाऱ्याचा होता आय५-८२५०यू, २०१७ सालचा, चार कोअर असलेला. इंटेलने त्या वर्षी सातव्या पिढीकडून आठव्या पिढीकडे जाताना पातळ लॅपटॉपमधील आय फाइव्ह आणि आय सेव्हनच्या कोअरची संख्या दुप्पट केली होती. एका वर्षाच्या अंतराने धाकटा थोरल्याच्या पुढे निघून गेला होता.

खरा फटका नंतर बसला. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित सुरक्षा-पुरवठा थांबवला. विंडोज ११ साठी पात्र असलेल्या इंटेल प्रोसेसरांची यादी, मोजके अपवाद वगळता, आठव्या पिढीपासून सुरू होते. सहकाऱ्याचे यंत्र विनामूल्य विंडोज ११ वर गेले. आमच्या यंत्राला संगणकाने नम्रपणे नकार दिला. विंडोज १० साठी मायक्रोसॉफ्टने वैयक्तिक ग्राहकांना दिलेली वाढीव सुरक्षा-सेवा १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच होती. पैसे सारखेच गेले होते. फरक होता तो नावातल्या एका आकड्याचा.

ऑफिसचे काम प्रोसेसरला किती जड?

नाव कसे वाचावे याकडे वळण्याआधी कार्यालयीन काम म्हणजे प्रोसेसरच्या दृष्टीने नेमके काय, हे समजून घ्यायला हवे. पत्र टंकित करणे, ई-मेल पाहणे, एक्सेलमध्ये आकडे भरणे, टॅलीत नोंदी करणे, सरकारी संकेतस्थळावर विवरणपत्र भरणे, अधूनमधून व्हिडिओ बैठक. या कामांत प्रोसेसर बहुतांश वेळ रिकामा बसलेला असतो. आपण विचार करतो, टंकतो, फोन घेतो, तेवढ्या काळात त्याला काहीच काम नसते. मग अचानक आपण एखादी मोठी फाइल उघडतो किंवा नवे पान मागवतो. त्या एक-दोन सेकंदांत त्याने झडप घालून काम उरकावे, एवढीच आपली अपेक्षा असते. गावच्या पंगतीतील वाढप्यासारखे हे काम आहे. दिवसभर राबण्यापेक्षा हाक आल्यावर चटकन धावणे महत्त्वाचे.

या झडपेसाठी एका कोअरचा वेग सर्वांत उपयोगी पडतो. कोअर म्हणजे प्रोसेसरमधील स्वतंत्रपणे आज्ञा पार पाडणारा विभाग. चलत्चित्रांचे संपादन करताना काम अनेक कोअरमध्ये वाटता येते. तेथे आठ कोअर असले तर आठांनाही काम मिळते. कार्यालयातील पुष्कळ कामे मात्र अशी वाटता येत नाहीत. एक्सेलचेच उदाहरण घ्या. २००७ च्या आवृत्तीपासून एक्सेल सूत्रांची आकडेमोड अनेक कोअरमध्ये विभागू शकते. परंतु लेखा विभागातील मंडळींनी वर्षानुवर्षे जपलेले मॅक्रो आजही एकाच धाग्यावर, म्हणजे एका वेळी एकाच कोअरवर चालतात. त्या फाइलला दहा कोअर दिले तरी नऊ हात बांधून उभे राहतील.

मग गिगाहर्ट्‌झचा आकडा पाहून निवड करावी का? वीस-बावीस वर्षांपूर्वी आपण हेच करत होतो. पेन्टियम फोरच्या जाहिरातींत गिगाहर्ट्‌झचाच डंका असे. २००४ मध्ये ही शर्यत ३.८ गिगाहर्ट्‌झपर्यंत आली आणि उष्णतेपुढे हात टेकून इंटेलने ४ गिगाहर्ट्‌झचा बेत सोडून दिला. त्याच काळात, २००३ मध्ये, इस्राएलमधील हैफा येथे आखलेला पेन्टियम एम हा लॅपटॉपचा प्रोसेसर बाजारात आला होता. त्याचे गिगाहर्ट्‌झ कितीतरी कमी; पण प्रत्येक ठोक्यात तो अधिक काम करत असल्याने मोठ्या आकड्यांच्या पेन्टियम फोरशी बरोबरी करत होता आणि बॅटरीही कमी खात होता. पुढे 'कोअर' या नावाने जे घराणे गाजले, त्याचे मूळ या काटकसरी प्रोसेसरात आहे. सांगायचे एवढेच, की वेगवेगळ्या घडणीच्या दोन प्रोसेसरांची तुलना गिगाहर्ट्‌झवर करता येत नाही. वरच्या दोन लॅपटॉपपैकी आमच्या आय सेव्हनचा मूळ वेग २.७ गिगाहर्ट्‌झ होता आणि सरस ठरलेल्या आय फाइव्हचा अवघा १.६!

आकड्यांची बाराखडी

इंटेलचे जुने नाव वाचण्याची पद्धत तशी सोपी आहे. आय३, आय५, आय७ यांच्या पुढे जी संख्या येते तिचे पहिले अंक पिढी सांगतात. संख्या १ ने सुरू होत असेल तर पहिले दोन अंक घ्यावेत. नसेल तर पहिला एकच. म्हणजे ८२५० ही आठवी पिढी, ११३५ ही अकरावी, १२३५ ही बारावी आणि १३३५ ही तेरावी. दुकानात 'आय फाइव्ह, टॉप मॉडेल' असे सांगितले गेले आणि संख्या ६ किंवा ७ ने सुरू होत असेल, तर त्या यंत्राला विंडोज ११ चे दार बंद आहे, असे धरून चालावे.

संख्येच्या शेवटी एक अक्षर असते. ते लहान असते आणि नेमके तेच वाचायचे राहून जाते. 'यू' म्हणजे कमी विजेवर चालणारा, साधारण १५ वॅट धरून आखलेला प्रोसेसर. 'पी' म्हणजे २८ वॅटचा मधला प्रकार. 'एच' म्हणजे ४५ वॅटचा. हा खेळांसाठी आणि जड कामांसाठी असलेल्या जाडजूड लॅपटॉपमध्ये बसवतात. बाराव्या पिढीतील आय५-१२३५यू आणि आय५-१२५००एच हे दोघेही आय फाइव्हच; पण एक दुचाकी आणि दुसरा मालट्रक म्हणावा इतका त्यांचा स्वभाव निराळा. रोजच्या कार्यालयीन कामाला 'यू' पुरून उरतो.

याच बाराव्या पिढीपासून, म्हणजे २०२२ च्या लॅपटॉपपासून, इंटेलने एकाच प्रोसेसरात दोन जातींचे कोअर बसवायला सुरुवात केली. काही जोरकस, तर काही काटकसरी. आय५-१२३५यू मध्ये दहा कोअर आहेत, असे विक्रेता अभिमानाने सांगतो. ते खरेच आहे. मात्र त्यांतील जोरकस फक्त दोन आणि काटकसरी आठ. त्याच्या धाकट्या भावात, आय३-१२१५यू मध्ये, जोरकस दोन आणि काटकसरी चार असतात. म्हणजे हाक आल्यावर धावणारे गडी दोघांकडेही दोनच! पत्रव्यवहार, हिशेब आणि ब्राउझर एवढेच काम असेल, तर या आय थ्रीचा वापर करणाऱ्याला आय फाइव्हची उणीव क्वचितच जाणवेल. वाचलेले पैसे कुठे घालावेत, ते पुढे येईलच.

आय थ्रीच्या बाबतीत एक सापळा मात्र आहे. 'कोअर आय३-एन३०५' हे नाव पाहा. येथेही आय थ्री आहे, कोअरही आठ आहेत; पण आठही काटकसरी. जोरकस एकही नाही. स्वस्त लॅपटॉपमध्ये दिसणारा एन१०० हा याच घराण्यातला, चार काटकसरी कोअरचा आणि ६ वॅटचा. इंटेलने २०२३ पासून लॅपटॉपसाठी पेन्टियम आणि सेलेरॉन ही नावे बंद करून त्यांच्या जागी नुसते 'इंटेल प्रोसेसर' असे नाव ठेवले, तेव्हा ही मंडळी त्या छत्राखाली आली. त्यांना टाकाऊ म्हणता येणार नाही. बिलाच्या खिडकीवर एकच सॉफ्टवेअर चालवायचे असेल तर एन१०० निभावून नेतो. दिवसभर वीस टॅब उघडे ठेवणाऱ्याने मात्र त्याच्या वाटेला जाऊ नये. त्याहीपेक्षा जपावे ते सेलेरॉन एन४०२० सारख्या २०१९ मधील दोन कोअरच्या प्रोसेसरपासून. विंडोज ११ ची किमान अट दोन कोअर, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण एवढीच असल्याने तो कागदावर उत्तीर्ण होतो. पस्तीस टक्क्यांना उत्तीर्ण होणे आणि विषय येणे यांत जे अंतर असते, तेच येथेही आहे.

डिसेंबर २०२३ मध्ये इंटेलने लॅपटॉपसाठी 'कोअर अल्ट्रा' हे नवे नाव आणले आणि 'आय' हे अक्षर गळायला लागले. आता 'कोअर ५', 'कोअर अल्ट्रा ५' अशी नावे जुन्या नावांच्या शेजारी मांडलेली दिसतात. येथे 'अल्ट्रा' हा शब्द आहे की नाही, हे नीट पाहावे. जानेवारी २०२४ मध्ये आलेला 'कोअर ५-१२०यू' नावाने नवा असला, तरी त्याची घडण तेराव्या पिढीचीच आहे, कोअरही तेच दोन अधिक आठ. तो वाईट नाही. पण तेराव्या पिढीच्या यंत्रापेक्षा त्याच्यासाठी बरेच अधिक पैसे मागितले, तर देण्याचे कारण नाही. उलट सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या 'कोअर अल्ट्रा ५-२२६व्ही' मध्ये आठच कोअर आहेत. मात्र त्यांतील चार जोरकस आणि बॅटरीची बचत तर लक्षणीय. कोअर मोजून प्रोसेसर जोखणाऱ्याला हा स्वस्तातला वाटेल. तसा तो नाही, आणि किंमतही ते सांगते.

एएमडीचा तिसरा अंक

एएमडी ही इंटेलची जुनी प्रतिस्पर्धी. तिचे रायझन प्रोसेसर २०१७ पासून बाजारात आहेत आणि आज कार्यालयीन लॅपटॉपमध्ये दोघींत डावे-उजवे करण्याचे कारण उरलेले नाही. नावांचा घोळ घालण्यातही ती मागे नाही. २०२३ च्या लॅपटॉपसाठी तिने चार अंकांची नवी पद्धत आणली. पहिला अंक वर्ष सांगतो. ७ म्हणजे २०२३, ८ म्हणजे २०२४. प्रोसेसरची घडण किती जुनी हे सांगतो तो तिसरा अंक.

रायझन ५-७५२०यू आणि रायझन ५-७५३०यू ही दोन नावे शेजारी ठेवून पाहा. वाचताना डोळा चुकावा इतकी सारखी. पहिल्याचा तिसरा अंक २, म्हणजे 'झेन २' ही २०१९ ची घडण, कोअर चार. दुसऱ्याचा तिसरा अंक ३, म्हणजे 'झेन ३' ही २०२० ची घडण, कोअर सहा. दोन्ही 'रायझन ५', दोन्ही '७००० मालिका', दोन्ही 'यू'. एका अंकाने दोन कोअर आणि एक पिढी इकडची तिकडे होते. तिसरा अंक ४ असेल तर 'झेन ४', म्हणजे २०२२ ची घडण. ऑनलाइन विक्रीच्या पानावर मोठ्या अक्षरांत 'रायझन ५, ७००० मालिका' एवढेच छापलेले असते आणि उरलेले अंक खाली बारीक अक्षरांत शोधावे लागतात. ते शोधल्याशिवाय खरेदीचे बटण दाबू नये.

७५२०यू च्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. हा प्रोसेसर ज्या प्रकारची रॅम वापरतो, ती मदरबोर्डावर डकवलेली असते. ८ जीबीचा लॅपटॉप घेतला तर तो अखेरपर्यंत ८ जीबीचाच राहणार.

पैसे कुठे घालावेत?

येथे प्रोसेसरचा विषय थोडा बाजूला ठेवून त्याच्या शेजाऱ्यांकडे पाहावे लागेल. 'लॅपटॉप स्लो झाला' अशी तक्रार ज्या यंत्रांबद्दल ऐकू येते, त्यांतील पुष्कळांत दोष प्रोसेसरचा नसतो. रॅम भरून वाहू लागली, की विंडोज न मावणारा मजकूर साठवणीवर नेऊन ठेवते आणि लागेल तसा परत आणते. ही ये-जा सुरू झाली, की प्रोसेसर आय सेव्हन असो वा अल्ट्रा, त्याला वाट पाहत बसावे लागते. आज ब्राउझर, मेल, एक्सेल, बैठकीचे सॉफ्टवेअर आणि विषाणूरोधक सॉफ्टवेअर एकाच वेळी उघडे असेल, तर ८ जीबी जेमतेम पुरतात. पाच वर्षांचा विचार करायचा तर १६ जीबी हवेत. ॲपलनेही ऑक्टोबर २०२४ मध्ये आपल्या मॅक संगणकांची किमान रॅम १६ जीबी केली, यावरून वारा कोणत्या दिशेने वाहतो आहे ते कळावे.

म्हणून बाराव्या-तेराव्या पिढीचा आय थ्री आणि १६ जीबी रॅम ही जोडी, त्याच पिढीचा आय सेव्हन आणि ८ जीबी या जोडीपेक्षा कार्यालयात अधिक सुखाची ठरते. विक्रेता सहसा असे सुचवणार नाही. कारण स्टिकर प्रोसेसरचे असते, रॅमचे नसते. २०२५ च्या अखेरीस जगभर मेमरी चिपचे भाव कडाडले; कृत्रिम बुद्धिमत्तेच्या माहिती केंद्रांनी उत्पादनाचा मोठा वाटा स्वतःकडे ओढला, हे त्याचे मुख्य कारण. 'आत्ता ८ घेऊ, पुढे वाढवू' हा बेत त्यामुळे महागात पडू शकतो, आणि रॅम डकवलेली असेल तर तो अशक्यच असतो.

साठवणीचेही तसेच. लॅपटॉपमधील फिरती हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १०० एमबी वाचते, आणि तेही सलग वाचायचे असेल तरच. इकडून-तिकडून लहान फाइली गोळा करायच्या असतील तर ती मेटाकुटीला येते. साध्या सॅटा जोडणीची एसएसडी ५०० एमबीच्या वर जाते आणि नव्या एनव्हीएमई एसएसडीचा वेग त्याच्या कितीतरी पट असतो. घरी एखादा आठव्या-नवव्या पिढीचा लॅपटॉप हार्ड डिस्कमुळे रेंगाळत असेल, तर नवा घेण्याआधी त्यात एसएसडी बसवून पाहावी. अनेकांची नव्या यंत्राची खरेदी दोन-तीन वर्षांनी पुढे जाईल. फक्त स्वस्त यंत्रांत 'ईएमएमसी' नावाची साठवण असते, तिला एसएसडी समजू नये. ती संथ असते आणि बदलताही येत नाही.

वैशाखातला लॅपटॉप

विदर्भ-मराठवाड्यातील वाचकांनी वॅटचा आकडा जरा अधिक गांभीर्याने घ्यावा. आय५-१२३५यू हा १५ वॅटचा म्हटला जातो. पण जोर लावताना तो थोडा वेळ ५५ वॅटपर्यंत वीज ओढू शकतो. आय५-१२५००एच ९५ वॅटपर्यंत जातो. ही सारी वीज शेवटी उष्णता होऊन पंख्यावाटे बाहेर पडायची असते. प्रोसेसर साधारण १०० अंश सेल्सिअसला पोहोचला, की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. आता नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांवर असताना, वीज गेलेल्या खोलीत हे यंत्र थंड व्हायचे कसे? आत येणारी हवाच तापलेली असते. अशा वेळी पातळ अंगाच्या लॅपटॉपमधला दणकट प्रोसेसर आपला दणकटपणा दाखवूच शकत नाही. एकाच नावाचा प्रोसेसर दोन लॅपटॉपमध्ये दोन वेगांनी चालतो, त्याचे कारण बहुधा त्याच्या पंख्यात आणि तांब्याच्या नळीत दडलेले असते.

बॅटरीचे गणित तर शाळकरी आहे. ४२ वॅट-तासांची बॅटरी आहे आणि सारे यंत्र मिळून सरासरी ६ वॅट घेते आहे, तर सात तास मिळतील. १४ वॅट घेत असेल तर तीन. भारनियमनाच्या गावी किंवा दिवसभर बाहेर फिरणाऱ्या कर्मचाऱ्याला हा फरक कोअरच्या संख्येपेक्षा मोलाचा वाटेल.

डिजिटल सहीची अडचण

बॅटरीचा विषय निघाला, की 'एआरएम' घडणीच्या प्रोसेसरांची नावे येतातच. ॲपलने नोव्हेंबर २०२० मध्ये 'एम१' आणला आणि पंखाच नसलेला मॅकबुक एअर दिवसभर चालतो, हे लोकांनी पाहिले. जून २०२४ मध्ये क्वालकॉमचा 'स्नॅपड्रॅगन एक्स' विंडोज लॅपटॉपमध्ये आला. दोन्ही प्रोसेसर उत्तम आहेत. पण आपल्याकडच्या लहान कार्यालयांनी घाई करू नये, असे वाटते. टॅली हे मुळात विंडोजवर चालणारे सॉफ्टवेअर; मॅकवर ते चालवायचे तर आडवाटा शोधाव्या लागतात. स्नॅपड्रॅगनवरील विंडोज जुनी सॉफ्टवेअर भाषांतर करून चालवते आणि बऱ्याच अंशी ते निभते. अडते ते ड्रायव्हरपाशी. प्रिंटर, स्कॅनर, बोटाच्या ठशाचे यंत्र यांचे ड्रायव्हर एआरएमसाठी खास तयार केलेलेच लागतात. तेथे भाषांतर चालत नाही.

डिजिटल सहीचे यूएसबी टोकन याच रांगेत उभे आहे. कंपनीचे विवरणपत्र, ई-निविदा, वस्तू व सेवा कराची कामे ज्यांच्याकडे आहेत, त्यांचा दिवस या टोकनावर चालतो. अनेक छापखान्यांत आणि शासकीय कामे करणाऱ्या टंकलेखकांकडे मराठी टंकनाचे जुने सॉफ्टवेअर असते, त्यालाही डोंगल लागतो. विवरणपत्राच्या अखेरच्या तारखेला रात्री अकरा वाजता टोकन ओळखले जात नाही असे लक्षात आले, तर सोळा तासांची बॅटरी काय कामाची? टोकन देणाऱ्याकडून एआरएमचा ड्रायव्हर मिळतो का, हे आधी लेखी विचारून घ्यावे. तोवर इंटेल किंवा एएमडी बरा.

नव्या लॅपटॉपवर 'एआय' हे आणखी एक स्टिकर असते. त्याचा अर्थ प्रोसेसरात 'एनपीयू' नावाचा, कृत्रिम बुद्धिमत्तेची आकडेमोड कमी विजेत करणारा विभाग आहे. मायक्रोसॉफ्टने 'कोपायलट प्लस' या नावासाठी एनपीयूचा वेग सेकंदाला ४० लाख कोटी क्रिया, रॅम १६ जीबी आणि साठवण २५६ जीबी अशी अट घातली. ब्राउझरमधून आपण जे एआय सहायक वापरतो, त्यांचे काम मात्र दूरच्या सर्व्हरवर होते. त्यांना आपल्या एनपीयूची गरज नसते. बैठकीत पाठीमागचे दृश्य धूसर करणे यासारख्या कामांत त्याचा उपयोग होतो. निव्वळ या स्टिकरपायी अंदाजपत्रक ओलांडावे, असे त्यात आज तरी काही नाही.

दुकानात दोन मिनिटे

दुकानात यंत्र चालू करून दाखवायला सांगावे आणि कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकत्र दाबाव्यात. 'टास्क मॅनेजर' उघडतो. त्यातील 'परफॉर्मन्स' या भागात प्रोसेसरचे पूर्ण नाव उजव्या कोपऱ्यात वरती दिसते आणि खाली कोअरची संख्या. तेथेच 'मेमरी'वर टिचकी मारली, की रॅम किती, खाचा किती आणि त्यांतील भरलेल्या किती, हेही कळते. 'रो ऑफ चिप्स' असे लिहिलेले दिसले तर ती रॅम डकवलेली आहे. दोन खाचा असतील तर ८ जीबीच्या दोन पट्ट्या, १६ जीबीच्या एका पट्टीपेक्षा बऱ्या. मेमरीकडे जाण्याचे दोन मार्ग मिळतात आणि प्रोसेसरातच असलेल्या ग्राफिक्सला त्याचा विशेष लाभ होतो.

जुने यंत्र घेताना स्टिकरवर तर अजिबात भिस्त ठेवू नये. स्टिकर सुटे मिळतात, आणि एका लॅपटॉपचे दुसऱ्यावर चिकटवायला कोणतेही कौशल्य लागत नाही. टास्क मॅनेजरमधील नावाचे छायाचित्र फोनमध्ये काढून ठेवावे.

आणि पावती. 'आय फाइव्ह लॅपटॉप, एक नग' असे मोघम लिहिलेली पावती स्वीकारू नये. त्यावर लॅपटॉपचा मॉडेल क्रमांक, अनुक्रमांक, प्रोसेसरचे शेवटच्या अक्षरासह पूर्ण नाव, रॅम आणि साठवण एवढे तरी लिहून घ्यावे. लॅपटॉपवर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे. नोंदणीकृत व्यावसायिकाला त्याचे क्रेडिट मिळू शकते, पण त्यासाठी पावतीवर आपला नोंदणी क्रमांक हवा. 'विनापावती दोन हजार कमी' ही सवलत ५० हजारांच्या यंत्रावर हिशेब करून पाहिली तर बहुधा तोट्याची निघते. अनुक्रमांक मिळाला, की पैसे देण्यापूर्वी उत्पादक कंपनीच्या संकेतस्थळावर तो टाकून वॉरंटी कोणत्या तारखेपासून सुरू झाली, ते तेथेच उभे राहून पाहून घ्यावे.